भंडाऱ्यातल्या गोळ्या

डबा खळखळला.

लाइट गेलेली होती. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि कँटोन्मेंटमधल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुपारी अडीच वाजता इतकी शांतता होती की आतल्या खोलीत झोपलेल्या स्वानंदीचा श्वास बाहेर ऐकू येत होता. सुकन्या चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन देव घासायला बसली होती. खंडोबाचा टाक घासून झाला, समई झाली. मग तिने भंडाऱ्याचा पितळी डबा उचलला आणि आतून तो आवाज आला. ती थबकली. हळदीची पूड कधी वाजते का?

झाकण काढलं तर वरवर नेहमीसारखा भंडारा. तिने बोट आत घातलं, बोटाला काहीतरी टणक लागलं. मग तिने जुना पेपर पसरला आणि डबा उपडा केला. हळदीबरोबर गोळ्या सांडल्या. लहान, गोल, मूळच्या पांढऱ्या आणि आता पिवळ्या झालेल्या.

त्या गोळ्या तिने झोपेतसुद्धा ओळखल्या असत्या. गेले सात महिने दर रविवारी संध्याकाळी ती स्वतःच त्या पाकिटातून सोडवून प्लास्टिकच्या डबीत भरत आली होती. सात कप्पे, सात वार. सासऱ्यांची हेपटायटिस बीची गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी एक. आणि दर रविवारी ते सातही कप्पे स्वच्छ रिकामे मिळायचे. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली, एवढाच तिचा हिशेब होता.

तिने गोळ्या मोजल्या. सत्तेचाळीस. पुन्हा मोजल्या, तरी सत्तेचाळीसच.

आज सोमवार होता. गुरुवारी सकाळी आठ वाजता आबांचं ऑपरेशन होतं.

आबा म्हणजे खंडेराव, सुकन्याचे सासरे, रिटायर्ड सुभेदार. जानेवारीत गावाकडून, माण तालुक्यातून, विश्वजितने त्यांना दिल्लीला आणलं तेव्हा त्यांचं वजन अकरा किलो उतरलं होतं. विश्वजित हवालदार. वडिलांना क्वार्टरवर सोडून, पहिल्या तपासण्या उरकून तो वर बर्फातल्या पोस्टवर निघून गेला आणि पुढचं सगळं सुकन्याच्या अंगावर आलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर दाखवलं, लिव्हरच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. कॅन्सर. कशामुळे, तर बी व्हायरसमुळे. बहुतेक लहानपणापासूनच अंगात असेल, त्या म्हणाल्या, पन्नास-पन्नास वर्षं चुपचाप बसून राहतो. त्याच आठवड्यात, विश्वजित निघायच्या आधीच, त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. विश्वजित, सुकन्या, स्वानंदी, तिघंही स्वच्छ निघाले. स्वानंदीला तर जन्मल्याबरोबर लस टोचलेली होती. त्या दिवशी सुकन्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडली होती, आणि मग डोळे पुसून आबांसाठी नारळपाणी घेऊन वर गेली होती.

आबांनी मात्र बातमी कळल्याबरोबर पहिला फोन केला तो दामूकाकांना.

दामूकाका आणि आबा एकाच प्लाटूनमधले बडी. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं, एकाचं पाऊल सुजलं की दुसऱ्याने त्याचा पिट्टू, पाठीवरचा बोजा, उचलायचा. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी या दोघांची जोडी सुटली नव्हती. दामूकाका आता मानेसरला मुलाकडे, प्रतीककडे राहायचे. प्रतीक गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात होता. मी तपासून घेतलंय, आता तूपण घे, तुझं पोट कधीपासून फुगतंय, असं आबांनी फोनवर जवळजवळ हुकूमच सोडला. दामूकाकांनी तपासलं तर त्यांच्याही लिव्हरमध्ये गाठ. लहान, बोराएवढी. पण त्यांच्या रक्तात निघाला सी. कधीकाळी ट्रक उलटून मांडी फुटली होती तेव्हा बाटल्याच्या बाटल्या रक्त चढवलं होतं, आणि त्या काळी सी तपासायची सोयच नव्हती.

मग दोघं एकाच वारी, एकाच ओपीडीत, एकाच बाकावर. कोणाचा नंबर आधी यावरून भांडायचे. दामूकाकांची गाठ लहान म्हणून सुईने जाळून टाकली. आबांची मोठी, तिच्यात मांडीच्या नसेतून औषध सोडून ती आधी आक्रसवली, आणि मग कापायचं ठरलं. दामूकाकांना सीच्या गोळ्या बारा आठवडे. आबांना बीच्या गोळ्या कायमच्या.

हे ‘कायमच्या’ आबांना लागलं होतं, ते सुकन्याला आज कळत होतं.

चारच्या सुमारास आबा मंदिराकडून आले. दारात चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि मग त्यांची नजर पेपरवरच्या पिवळ्या ढिगाकडे गेली. खुर्चीत बसून ते म्हणाले,

“कोर्स संपला माझा.”

“कुणी सांगितलं?”

“दामूचा संपला की.”

त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, हेच तिला जास्त भयंकर वाटलं. ते समजावून सांगू लागले, जसं ते स्वानंदीला सांगतात तसं. आसामात असताना मलेरियाची गोळी परेडमध्ये मिळायची. रांगेत उभं राहायचं, हवालदारासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. सगळ्यांची गोळी एकाच दिवशी चालू, एकाच दिवशी बंद. कोणी एकटाच घेत राहिला असं कधी झालं नाही. आणि इथे बघ, आबा म्हणाले, त्याच्या लिव्हरात गाठ, माझ्या लिव्हरात गाठ, डॉक्टर तीच, बाक तोच. तो बारा हप्त्यांत मोकळा आणि मी मरेस्तोवर? मी काय त्याच्यापेक्षा ढिला जवान आहे?

“मग टाकून का नाही दिल्यात?”

“सरकारी औषध आहे ते, पोरी. फेकतात होय? पुढच्या वारी स्टोअरला जमा करणार होतो. तोवर देवाजवळ ठेवलं.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला हसू आलं असतं. आता तिला आठवत होतं ते जुलैतलं मानेसरचं जेवण. दामूकाकांचा रिपोर्ट आला होता, रक्तात व्हायरस शून्य. प्रतीकने मिठाई आणली होती, तिने इथून पुरणपोळ्या करून नेल्या होत्या. आबा ताटावर गप्प होते. त्यांना बरं वाटावं म्हणून तीच हसत म्हणाली होती, चला, एक बडी सुटला, आता आबांचा नंबर. आणि आबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं. त्या जेवणाला आज बरोबर सत्तेचाळीस दिवस झाले होते.

“आबा, मी आत्ता हॉस्पिटलला फोन करते.”

त्यांनी हात वर केला. तिला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढून, आतल्या खोलीकडे एकदा बघून, ते हळू आवाजात बोलले.

“गुरुवारपर्यंत गप राहा. एवढं माझं ऐक. गाठ एकदा निघू दे, मग रोज तुझ्यापुढं जीभ वर करून गोळी खाईन. आता सांगितलंस तर ते पुढं ढकलतील. दोन महिने गेले, गाठ पुन्हा वाढली, म्हणजे मग कोण कापतंय मला?”

सात वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा मागत नसत. कप रिकामा दिसला की तिनेच भरायचा. तिने डबीतली उद्याची गोळी आणून त्यांच्या हातावर ठेवली, पेलाभर पाणी दिलं. त्यांनी ती मुकाट्याने गिळली आणि खरोखरच तोंड उघडून दाखवलं.

ती स्वयंपाकघरात गेली. विश्वजितला मेसेज केला. एकच टिक. वरच्या पोस्टवरून फोन फक्त रविवारी यायचा, तोही हवा चांगली असली तर. म्हणजे ठरवायचं होतं ते तिलाच, आणि आजच.

आबांचं म्हणणं तिला सरळ खोडून काढता येईना. ऑपरेशनआधीच्या तपासण्या तर तीन आठवड्यांपूर्वीच झाल्या होत्या, फिट असा शेराही मिळाला होता. एवढ्या मोठ्या सर्जनची तारीख मिळायला अडीच महिने लागले होते. ती तारीख हातची गेली तर पुन्हा केव्हा? गाठ ही काही ऑफिसातली फाइल नव्हे, ठेवली तिथे राहायला. आणि कुणी सांगावं, सत्तेचाळीस दिवसांत काही झालंही नसेल. कदाचित तो व्हायरस अजून झोपलाच असेल.

झोपलाच असेल. हा शब्द तिचा नव्हता, डॉक्टरीणबाईंचा होता. फेब्रुवारीत त्यांनी आबांना फौजी म्हणून फौजी भाषेत सांगितलं होतं. सूबेदार साहब, सी वाला दुश्मन दवा से मर जाता है. बी वाला मरता नहीं, सोता है. यह गोली उसके सिर पर खड़ा संतरी है. संतरी हटा, तो वो उठेगा. आबांनी तेव्हा मान डोलावली होती. सुकन्याने वहीत लिहूनही घेतलं होतं, तारखेसकट. एवढं सगळं लिहून घेणाऱ्या बाईने मानेसरला ताटावर बसून ते वाक्य बोलावं?

ती बाहेर आली. लाइट आली होती, पंखा फिरत होता. आबा खिडकीशी बसून रिकामा डबा फडक्याने पुसत होते. कपाळावर सकाळचा भंडारा होता, त्यामुळे चेहरा नेहमीच तांबूस-पिवळा दिसायचा. ओल्या फडक्याने तिने त्यांचं कपाळ पुसलं. ते चकित होऊन बघत राहिले. सुनेने सासऱ्याच्या कपाळाला असा हात लावण्याची त्या घरात रीत नव्हती.

“वर बघा, आबा. खिडकीकडे.”

त्यांनी बघितलं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. फार नाही, जुन्या कागदासारखा. पण हळद तिथे पोचत नाही.

आणि मग एकेक गोष्ट आपसूक जागेवर येऊन बसली. गेला आठवडाभर ते अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत होते. मंदिर पाच मिनिटांवर, पण परवा वाटेत दोनदा बसले असं स्वानंदी सांगत होती. सुकन्याला वाटलं होतं, ऑपरेशनची धास्ती असेल.

“आबा,” ती म्हणाली, “तो उठलाय.”

त्यांना कळलं. फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं. ती फोन लावत होती तेव्हा ते अडवायला आले नाहीत. फक्त खिडकीकडे तोंड करून बसले. हॉस्पिटलातल्या मुलीने चार प्रश्न विचारले, दोन मिनिटं थांबवून ठेवलं आणि परत येऊन म्हणाली की उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, मॅडम स्वतः बघणार आहेत. आणि आजपासून गोळी एकही चुकू देऊ नका.

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. तिच्याशी बोललेही नाहीत. स्वानंदीचा गृहपाठ मात्र त्यांनी घेतला, पाढे म्हणवून घेतले, तिच्या वेणीची सुटलेली रिबन स्वतः बांधून दिली.

मंगळवारी सकाळी त्या बाकावर दामूकाका आधीच येऊन बसले होते. सुकन्याने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की आबांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मानेसरहून पहाटे निघून, शेअर रिक्षा आणि मग मेट्रो करून ते आले होते. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आबा त्यांच्या शेजारी बसले. स्वानंदीला शाळेला दांडी मारून आणावं लागलं होतं. ती दोघांच्या मध्ये घुसून बसली. रक्त दिलं. दोन तास वाट बघितली.

त्या दोन तासांत दामूकाका एकदाच बोलले. मीच म्हणालो होतो याला, ते सुकन्याला म्हणाले. पुरणपोळी खाऊन बाहेर पान खायला गेलो तेव्हा म्हणालो, खंड्या, तुझ्या गोळ्यापण झाल्याच की आता, किती दिवस खाणार. मी म्हणालो म्हणून यानं.

“तुझ्या म्हणण्यावर मी चाललो असतो तर नाईकच राहिलो असतो,” आबा समोर बघत म्हणाले. “माझ्या डोक्यानं केलं मी.”

“मग ते डोकंच जमा करायचं होतं स्टोअरला.”

दोघं हसले. आबांचं हसू मधेच तुटलं, आणि दामूकाका त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चौघांनाही आत बोलावलं. लिव्हरचा जो आकडा तीन आठवड्यांपूर्वी चाळीस होता तो आता आठशे साठ होता. कावीळ चढत होती. व्हायरसची मोजणी यायला दोन दिवस लागणार होते, पण ती वाढलेलीच असणार, बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. असे पेशंट आपण दर महिन्याला बघतो, त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्याची गोळी बंद झाली म्हणून आपलीही बंद करणारे. गाठ दोघांची दिसायला सारखी, पण तिथवर यायचा रस्ता वेगळा. सी आधी वर्षानुवर्षं लिव्हर खरवडून त्याचा दगड करतो आणि त्या दगडात गाठ उठते. बी पेशीच्या आत घर करून बसतो, कधीकधी लिव्हर धडधाकट असतानाही गाठ उठवतो, आणि तिथून तो काढता येत नाही, नुसता दाबून ठेवता येतो. तो उसळला की उरलेलं चांगलं लिव्हरही जाळत सुटतो.

दामूकाकांनी विचारलं, म्हणजे मी सुटलो ना? बाई म्हणाल्या, व्हायरसमधून सुटलात, दगडातून नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन, जन्मभर. त्यात चुकलात तर तुमच्यावरही ओरडेन.

मग त्यांनी सुकन्याकडे बघितलं.

गुरुवारचं ऑपरेशन होणार नव्हतं. असं सुजलेलं लिव्हर कापलं असतं तर उरलेल्या तुकड्याने दगा दिला असता, आणि आबा टेबलावरून उठले असते की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. आता गोळ्या, दर आठवड्याला रक्त, आजच्या आज ॲडमिट. आकडा खाली आला तर सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. कदाचित आठ. मग ठरवू.

“कल बता दिया, अच्छा किया आपने,” बाई म्हणाल्या.

सुकन्या आबांकडे बघू शकली नाही. सहा आठवडे. बरोबर तेच झालं होतं जे ते म्हणाले होते, तारीख पुढे गेली होती, आणि जे ते म्हणाले नव्हते तेही, व्हायरस उठला होता. खुर्चीतून उठताना त्यांनी मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला. जड, गरम हात. मग ते दामूकाकांच्या आधाराने बाहेर गेले.

ॲडमिशनच्या कागदांची रांग लांब होती. आबांना व्हीलचेअरवर बसवून वर नेलं, दामूकाका त्यांची पिशवी घेऊन मागोमाग गेले. प्रतीकला फोन करून त्यांनी सांगून टाकलं होतं की सहा आठवडे मी इथेच, तुमच्या गाडीची वाट बघू नका. सुकन्या स्वानंदीचा हात धरून रांगेत उभी राहिली. पोरीच्या मोज्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं, तो घोट्यावर उतरला होता. सुकन्याने वाकून तो वर ओढला, आणि उठताना पोरीच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं.

“आबांचं थर्सडेला नाही ना आता?” स्वानंदीने विचारलं.

“नाही. थांबायचंय थोडं.”

“किती?”

“सहा आठवडे. किंवा थोडे जास्त.”

स्वानंदीने बोटांवर काहीतरी मोजलं. दामूआजोबा पण थांबणार, तिने विचारलं, आणि सुकन्या हो म्हणाली. डॉक्टर आंटी पण थांबणार? हो, त्यापण. आणि आपण? आपणही. रांग एक माणूस पुढे सरकली. पोरगी विचार करत होती; विचार करताना ती खालचा ओठ दातांत धरायची, अगदी विश्वजित धरतो तसा.

“अच्छा,” ती म्हणाली. “आणि आई, गाठीला कुणी सांगितलं का थांबायला?”